‘पाच हजार वाढवा, घर तुमचं’ : इंग्लंडमधल्या एका घरखरेदीचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका मराठी जोडप्याचं आहे. लिहायला त्यांची हरकत नाही, फक्त नावं आणि गल्ली सांगू नकोस म्हणाले. म्हणून इथे तो, ती आणि घरविक्री एजन्सीतला मुलगा एवढीच पात्रं, आणि जागा रेडिंगच्या आसपासची. त्याच भागात मी त्यांच्या काही वर्षं आधी घर घेतलं होतं. त्यामुळे रात्री साडेदहाला ज्याला फोन लावायचा, तो माणूस मी झालो. माझीही एक चूक यात आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

दोघंही मूळचे पुण्याचे. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. आठ वर्षं भाड्याच्या घरात काढली. मुलगी पुढच्या सप्टेंबरमध्ये शाळेत जाणार होती. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी असते आणि बऱ्याच शाळांत प्रवेश घरापासूनच्या अंतरावर ठरतो. जुलैमध्ये घरं बघायला लागले तेव्हा ही तारीख दोघांच्याही डोक्यात घोळत होती.

भारतात दोघांच्याही नावावर घर नव्हतं. ही गोष्ट साधी वाटते, पण तिची किंमत मोठी आहे. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, मात्र जगात कुठेही घर नावावर असलं की ती जाते. उलट त्या घरातला तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांचा किंवा जास्त असेल, तर इथलं घर ‘जादाचं’ धरून पाच टक्के अधिभार बसतो. त्याचे बाबा कोथरूडच्या फ्लॅटवर त्याचं नाव लावायच्या मागे होते. प्रत्येक सुट्टीत ‘या वेळी करून टाकू’ म्हणत त्याने ते आळसाने पुढे ढकललं होतं. ४ लाख ८२ हजारांच्या घरावर त्यांना ९,१०० पौंड शुल्क बसणार होतं. फ्लॅटवर नाव लागलं असतं तर तोच आकडा ३८,२०० झाला असता. आळसाचा एवढा फायदा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

इथली पद्धत आणि आपली सवय

पुण्यात जुना फ्लॅट घेताना टोकन दिलं, विसार पावती झाली की दोन्ही बाजू थोड्याफार बांधल्या जातात. मोडायचं तर पैसे जातात, वर चार लोक नावं ठेवतात. इंग्लंड-वेल्समध्ये तसं नाही. १९८९ च्या कायद्याने घर-जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यामुळे ऑफर मान्य झाली तरी सॉलिसिटर, म्हणजे वकिलामार्फत करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. मधल्या दोन-चार महिन्यांत मालकाला जास्त देणारा भेटला आणि त्याने तुम्हाला सोडलं, तर त्याला ‘गझम्पिंग’ म्हणतात. लोक त्याला शिव्या घालतात, पण ते बेकायदा नाही. स्कॉटलंडचे नियम निराळे आहेत, ते इथे धरू नयेत.

दुसरा फरक एजंटचा. आपल्याकडे ब्रोकर बहुधा दोन्हीकडून दलाली घेतो, म्हणून तो निम्मा तरी आपला वाटतो. इथे त्याची फी फक्त विकणारा देतो, साधारण एक ते दीड टक्का आणि वर व्हॅट. त्याने तुमच्याशी खोटं बोलू नये ही कायद्याची अपेक्षा आहे, पण तो माणूस तुमचा नाही.

हे दोघांना माहीत होतं, पण वाचून. अंगात मुरलेलं काही वेगळंच होतं. बाबांनी फोनवर सांगितलं, ‘आवडलं ना? मग टोकन टाक आणि मोकळा हो.’ आणि याने पहिल्याच भेटीत एजंटला विचारलं, हजार पौंड आत्ताच भरले तर चालतील का? मुलगा आधी गोंधळला, मग हसला. तशी पद्धत नाही, म्हणाला. पण या माणसाला घाई आहे, एवढं त्याला त्यातून कळलं असणार.

घर आणि शनिवार

घर १९३०च्या दशकातलं, तीन बेडरूमचं, एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं. मागे वाढवलेली खोली आणि बाग. जाहिरातीत ‘४ लाख ८५ हजारांच्या वर ऑफर’ असं लिहिलं होतं. शनिवारी ‘ओपन हाऊस’ ठेवलं होतं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आधीचं कुटुंब जिन्यावरून उतरतंय, पुढचं दारात उभं आहे, आणि मधे हे दोघं स्वयंपाकघरात कपाटाचं दार उघडून पाहताहेत. हा देखावा मुद्दाम रचलेला असतो. त्यात बेकायदा काही नाही, पण पाच जणांच्या रांगेत उभा राहिलेला माणूस घर कमी आणि रांग जास्त बघतो. ती म्हणाली, ‘बाथरूमला खिडकी होती का, हेसुद्धा मला घरी आल्यावर आठवेना.’

जाताना मुलाने सहज विचारलं, कधीपर्यंत राहायला यायचंय? हिने शाळेची तारीख सांगितली. भाड्याचा करार कधी संपतो तेही सांगितलं. गप्पा छान झाल्या. त्याने सगळं टॅबवर टिपून घेतलं.

अडचण

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. घराला फार मागणी आहे, दोन ऑफर आल्या आहेत, मंगळवारी दुपारी बारापर्यंत तुमची ‘सर्वांत चांगली आणि शेवटची’ ऑफर द्या. आणि ती पुढे पाठवण्याआधी आमच्या मॉर्गेज (गृहकर्ज) सल्लागाराशी बोलून घ्या, उद्या सकाळी अकराची वेळ देतो, म्हणजे मालकांना तुम्ही ‘पक्के’ वाटाल.

ऑफिसहून घरी येताना, गाडीत उभ्याने याने तो फोन घेतला आणि बोलून गेला, ‘आम्ही पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो.’ त्याच्या मते ही ऑफर नव्हती, नुसतं बोलणं होतं. ‘आम्ही विचार करून कळवतो’ एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण समोरचा गोड बोलतोय, उत्तर मागतोय, मग काहीच न सांगता फोन ठेवायचा कसा? भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी साडेनऊला दुसरा फोन. दुसरी पार्टीही पाच लाखांवर आहे. पाच हजार वाढवा, घर तुमचं. आणि जाता जाता, ‘तुमची शाळेची तारीख आहे ना, म्हणून म्हणतो. या भागात असं घर पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.’

तिने मला फोन केला तेव्हा अकरा वाजायला वीस मिनिटं कमी होती.

पर्याय

समोर चार वाटा होत्या. पहिली, ५ लाख ५ हजार म्हणायचं आणि सुटायचं. तो याच मताचा होता. वीस-पंचवीस वर्षांच्या कर्जात पाच हजारांचं काय, म्हणत होता. हिशेब मात्र पाच हजारांचा नव्हता. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि त्यावर ५ लाखांपर्यंत पाच टक्के आहे. पण किंमत ५ लाखांच्या वर एक पौंड गेली तरी सगळी सवलत जाते. ५ लाखांना १० हजार शुल्क, ५ लाख ५ हजारांना १५,२५०. म्हणजे मालकाला पाच हजार जास्त द्यायला यांना १०,२५० लागणार होते. मी हे सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. एजंटला ही कड माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण ती सांगणं त्याचं काम नव्हतं.

दुसरी वाट, ५ लाखांवर ठाम राहायचं. तिसरी, सोडून द्यायचं. चौथी तिने काढली, आणि ती मला आवडली: फोनवर काय बोललो ते बाजूला ठेवू, घराची किंमत आपल्या लेखी काय ते आज पहिल्यांदा नीट ठरवू, आणि ते लिहून पाठवू. इंग्लंड-वेल्समध्ये कुठलं घर कितीला विकलं गेलं हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत फुकट बघायला मिळतं. त्याच रस्त्यावर मागची खोली नसलेलं एक घर आदल्या वर्षी ४ लाख ६२ हजारांना गेलं होतं, माळ्यावर खोली काढलेलं दुसरं ४ लाख ९० हजारांना. हे घर या दोहोंच्या मधलं. तिने ४ लाख ८२ हजार हा आकडा काढला. सोमवारी रात्री हे वीस मिनिटांचं काम कुणीच केलं नव्हतं, मीही सुचवलं नव्हतं.

तो म्हणाला, पाच म्हणून आता अठरा हजार खाली यायचं? तोंड कसं दाखवायचं? मी म्हणालो, कायद्याने तू अजून काहीच म्हटलेलं नाहीस. हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

काय केलं

अकराची सल्लागाराची भेट रद्द केली. यामागे कायदा आहे. एजंटांसाठीच्या १९७९ च्या कायद्याखाली १९९१ मध्ये निघालेल्या आदेशाने तीन गोष्टी गैर ठरवल्या आहेत: आपली मॉर्गेज वगैरे सेवा घेत नाही म्हणून ग्राहकाला डावलणं, नसलेल्या ऑफरबद्दल किंवा ग्राहकाबद्दल खोटं सांगणं, आणि आलेली ऑफर मालकाला तातडीने लेखी न कळवणं. तुमची ऐपत आहे का, हे विचारायचा एजंटला हक्क आहे; बँकेचं ‘तत्त्वतः मंजुरी’चं पत्र तो मागू शकतो. ते त्याच्याच सल्लागाराकडून आणा, असं मात्र म्हणू शकत नाही. आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला आपला पगार, बचत आणि कमाल झेप सांगणं म्हणजे पत्ते उघडे टाकून खेळायला बसणं. यांच्याकडच्या पत्रात पाच लाखांचा आकडा होता. तेच पत्र ४ लाख ८२ हजारांचं करून मागा, असं मी सांगितलं. मॉर्गेज ब्रोकरने ते दुपारपर्यंत पाठवलं.

साडेअकराला ई-मेल गेली. मजकूर साधारण असा:

‘आमची ऑफर ४ लाख ८२ हजार पौंड. सर्व्हे (घराची तपासणी) आणि मॉर्गेज यांच्या अधीन. मान्य झाल्यास जाहिरात काढून घ्यावी. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत लागू. ही ऑफर मालकांना लेखी कळवली का, आणि दुसरी ऑफर खरोखर आली आहे का, ते कृपया लिहून कळवावं. तुमच्या सल्लागाराला भेटल्याशिवाय ऑफर पुढे जाणार नसेल, तर तेही लिहावं.’

दीड तासाने उत्तर आलं. ऑफर पुढे पाठवली आहे. सल्लागाराची भेट ‘अर्थातच ऐच्छिक’ आहे. आणि घराला ‘जोरदार प्रतिसाद’ आहे. पाच लाखांवरच्या दुसऱ्या पार्टीचा त्यात उल्लेख नव्हता. सकाळी फोनवर जी ऑफर होती, ती दुपारी कागदावर येईपर्यंत प्रतिसाद झाली होती.

शुक्रवारी नकार आला. पुढच्या आठवड्यात जाहिरातीवर ‘विकलं, कराराच्या अधीन’ अशी पट्टी लागली. त्या रात्री त्याने मला फोन केला नाही. ती म्हणाली, दोन दिवस घरात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

सप्टेंबर

उन्हाळ्यात त्यांनी आणखी सहा घरं पाहिली, एकावर ऑफरही दिली आणि तीही गेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच मुलाचा फोन आला. जुना ग्राहक गळाला होता. त्याचं स्वतःचं घर विकण्याचा व्यवहार मोडला, म्हणून हा व्यवहारही मोडला. इथे अशा एकात एक अडकलेल्या व्यवहारांना ‘चेन’ म्हणतात, आणि एक कडी तुटली की सगळे बसतात.

दुसऱ्यांदा घर बघायला गेले तेव्हा मुलगा वाहतुकीत अडकला होता. दार मालकीणबाईंनी उघडलं. सत्तरीच्या, नवरा गेलेला, मुलीजवळ राहायला जाणार होत्या. चहा झाला. त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच ना ते? पाच लाख म्हणून दुसऱ्या दिवशी मागे फिरलात.’

त्यानंतर जे कळलं ते असं. सोमवारच्या फोनमधलं ‘पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो’ त्यांना ऑफर म्हणून सांगितलं गेलं होतं. जुलैमध्ये दुसरी ऑफर एकच होती, ४ लाख ८६ हजारांची. मग मंगळवारी पाच लाखांवर असलेली ती पार्टी कोण? सिद्ध करता येणार नाही, पण मला तर वाटतं ही दोघं स्वतःच्याच आकड्यावर चढी बोली लावायला निघाली होती.

त्यापेक्षा जास्त लागलं ते पुढचं. मालकीणबाईंना किंमत फार वाढवून नको होती, व्यवहार मोडू नये एवढंच हवं होतं. भाड्याने राहणारं, स्वतःचं काही विकायचं नसलेलं, चेन नसलेलं जोडपं त्यांना हवंच होतं. पण हे दोघं तसे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आमच्या त्या ई-मेलमध्ये अटी होत्या, मुदत होती, प्रश्न होते, आणि ही एक ओळ नव्हती. ती घालायला सांगणं माझं काम होतं. कायदा आठवण्याच्या नादात मी ते विसरलो.

निकाल

त्यांनी पुन्हा ४ लाख ८२ हजारच लिहिले, या वेळी पहिल्याच ओळीत ‘चेन नाही’ असं टाकून, आणि ई-मेल जशीच्या तशी मालकांना पाठवावी अशी विनंती करून. दुसऱ्या दिवशी होकार आला. एजन्सीने आपला सॉलिसिटर घ्या म्हणून दोनदा सुचवलं, यांनी नको म्हटलं. सर्व्हेत मागच्या खोलीचं सपाट छप्पर अखेरच्या घटका मोजतंय असं निघालं, शिवाय त्या खोलीला पालिकेचा बांधकाम पूर्ततेचा दाखला नव्हता. छपराचं काम करणाऱ्या दोघांकडून लेखी अंदाज घेतले आणि किंमत ४ लाख ७६ हजार ५०० वर आली. शुल्क ८,८२५ पौंड.

एक्स्चेंज जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात झालं. शाळेचा अर्ज जुन्याच पत्त्यावरून गेला. ज्या तारखेने जुलैमध्ये त्यांना पळवलं, ती शेवटी हुकलीच. नवा पत्ता नंतर कळवावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैच्या त्या ऑफरचा आकडा चुकला, असं मला आजही वाटत नाही. ती ऑफर पडली ती आदल्या दिवशीच्या पाच लाखांमुळे. नुसते ४ लाख ८२ हजार आले असते, तर ते ४ लाख ८६ हजारांच्या शेजारी ठेवून, चेन नाही हे धरून, मालकीणबाईंनी कदाचित वेगळा विचार केला असता. पाच लाख ऐकल्यावर मात्र तेच ४ लाख ८२ हजार म्हणजे शब्द फिरवणं झालं. तोंडी बोलणं कायद्याने बांधत नाही, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पण विकणारी बाई निर्णय घेताना कायद्याचं पुस्तक उघडत नाही, हा माणूस कसा आहे ते बघते.

म्हणून मी आता विचारणाऱ्यांना सांगतो की घर बघायला जाण्याआधीच वरचा आकडा कागदावर लिहा, दोघांच्या सह्या करा म्हटलं तरी चालेल, आणि फोनवर आकडा काढूच नका. ‘घरी बोलून ई-मेल करतो’ हे वाक्य तोंडपाठ करा. शाळेची तारीख, भाड्याचा करार, बायकोला बाग किती आवडली, हे एजंटला सांगायची गरज नाही. चेन नाही, पैसे तयार आहेत, सॉलिसिटर ठरलेला आहे, हे मात्र पुन्हा पुन्हा आणि लेखी सांगा.

‘उद्या बारापर्यंत’ या मुदतीचंही तसंच. ती खरी असू शकते. बंद पाकिटातली बोली मागवणं इथे सर्रास चालतं. पण सव्वा टक्का फी धरली तर यांनी अठरा हजार जास्त दिले असते तरी एजन्सीच्या पदरात सव्वादोनशे पौंड पडले असते. किंमत चढण्यापेक्षा व्यवहार या महिन्यात बसणं त्या मुलाला जास्त महत्त्वाचं होतं. हे लक्षात आलं की त्याच्या घाईचा आपल्या घाईशी संबंध तुटतो.

तक्रारीचा मुद्दा राहिला. घरविक्री करणाऱ्या प्रत्येक एजन्सीला कायद्याने एखाद्या तक्रार निवारण योजनेचं सभासद असावं लागतं. आधी एजन्सीकडे लेखी तक्रार करायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर त्या योजनेकडे जायचं. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. त्याने मसुदा लिहिला होता. सोमवारच्या आणि मंगळवारच्या फोनच्या वेळा, ई-मेल, सगळं जोडून. पण फोनवरच्या बोलण्याचा पुरावा नाही, आणि व्यवहार चालू असताना एजंटला दुखवायचं कशाला, म्हणून थांबला. किल्ल्या हातात आल्यावर मी आठवण केली. तो म्हणाला, ‘जाऊ दे रे, पोरगा नवीन होता. किल्ली द्यायला आला तेव्हा फुलं घेऊन आला होता.’

ती आतून म्हणाली, ‘फुलं आपल्याच पैशांची होती.’ मसुदा अजून तसाच पडून आहे.